मधल्या गावाचा रस्ता

लाँड्रीत सगळ्यात वाईट खोड कुणाची, असं विचारलं असतं तर तिच्या आईनं क्षणभरही न थांबता लेकीकडे बोट दाखवलं असतं. गरम इस्त्री हातात धरून उभ्या उभ्या कुठेतरी निघून जायची खोड. माणूस जागच्या जागी, डोळे टक्क उघडे, आणि आत कुणी नाही! मग करपल्याचा वास यायचा, आई हातातलं टाकून धावायची, आणि कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटलेला असायचा. मामा तिला तंद्री म्हणायला लागला. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली. शेवटी आईनंही हात टेकले आणि तीही तेच म्हणायला लागली.

मुलगी आळशी नव्हती हो, तसं कुणी म्हणू नये. चादरींच्या घड्या तिच्यासारख्या कुणाला जमत नसत. चारी कोपरे असे जुळायचे की मामा म्हणायचा, ही चादर पुन्हा उलगडवत नाही. पण घडी घालता घालता तिच्या मनात यायचं, आधी अशी दुमडली आणि मग तशी, किंवा आधी तशी आणि मग अशी, तर दोन्ही वेळा घडी तीच होईल का? झालं! तेवढ्यावर ती गेली. कॉलेजात तिनं गणित घेतलं ते याच हिशेबानं, की तिथे असं निघून जाण्याला कुणी रागावणार नाही. रागवायचे. पण दुकानापेक्षा कमी.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या सरांनी तिला एका उन्हाळी शिबिराला पाठवायचं ठरवलं. दुसऱ्या शहरातल्या एका विद्यापीठात कॉलेजातल्या मुलांना उन्हाळाभर बोलावतात, राहायला खोली देतात, आणि ज्याचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही असा एकेक प्रश्न जोडीजोडीला देतात. सोडवा म्हणतात. सुटला तर सुटला.

"म्हणजे उत्तर त्यांनाही येत नाही आणि ते तुला विचारणार?" मामा म्हणाला. "शहाणीच आहेत की माणसं! अगं, ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारायची?"

आई मात्र हसली नाही. वडील गेल्यापासून दुकान तिनं आणि मामानं ओढलं होतं, आणि मामाची कंबर त्याला आता वाफेच्या इस्त्रीपुढे फार वेळ उभं राहू देत नव्हती. दुकानाला आणखी दोन हात हवे होते, आणि ते कुणाचे हे सगळ्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून आई तिच्यासमोर बसली.

"मला एकच सांग. इस्त्री धरून तू जी कुठेतरी जातेस ना, तिथे गणित असतं, का नुसतंच जाणं असतं?"

तंद्रीनं खूप विचार केला. खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती. "मलाच माहीत नाही गं, आई."

"मग जा एक उन्हाळा. शेवटच्या दिवशी मी येईन आणि ते शिबिर चालवणाऱ्या बाईंना तोंडावर विचारीन, हिला जमतं का. हो म्हणाल्या तर पुढे शीक, मी आड येणार नाही. नाही म्हणाल्या तर ही कॉलेजची डिग्री पुरी कर आणि दुकानात उभी राहा. मग पुन्हा रडायचं नाही."

एवढं सरळ बोलणं झाल्यावर काय उरतं? ती गेली.

उन्हाळ्यातलं विद्यापीठ म्हणजे अजब जागा. मुलं सुटीवर, लांबच लांब व्हरांडे मोकळे, उघड्या खिडक्यांतून पडदे आत-बाहेर करतायत, आणि कुठल्यातरी वर्गात पंखा कुणी बंद करायला विसरल्यामुळे रिकाम्या बाकांना वारा घालतोय. दुपारी तर आवाज असा नसायचाच. तंद्रीला वाटलं, आपण इस्त्री धरून जिथे जायचो ते ठिकाण हेच असावं. फक्त इथे करपल्याचा वास येत नव्हता.

शिबिराच्या बाई बुटक्या, कानापाशी कापलेले पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांचा एकच नियम होता आणि तो मोडला की त्या चिडायच्या. कुठलीही सिद्धता फळ्यावर लिहायची नाही, जोवर ती चालता चालता, हातात कागद नसताना, दुसऱ्याला सांगता येत नाही. "चालताना सांगता येत नाही ते तुम्हाला कळलेलंच नाही," त्या म्हणायच्या. त्यामुळे सकाळपासून त्या आवारात जोड्या फिरत असायच्या, हातवारे करत, मधेच थांबत, डोक्यावर हात मारत. तिथला माळी पाण्याचा पाइप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहायचा आणि दर वेळी मान हलवायचा.

तंद्रीला जोडीदार मिळाला तो उंच, काटकुळा, आणि कशावरच विश्वास न ठेवणारा. 'आज गरम होतंय' म्हटलं तरी तो म्हणायचा, "कशावरून?" पहिल्याच दिवशी त्याचं नाव शंकासुर पडलं आणि त्यानं तेही तपासून घेतलं. तो कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिण्यात पटाईत होता. ती तंद्री लावण्यात. बाईंनी ही जोडी मुद्दाम लावली होती, यात मला तरी शंका नाही.

त्यांचा प्रश्न होता नकाशांचा. काही गावं, काही गावांमध्ये रस्ते, आणि त्या नकाशाला तीन अटी. अटी इथे सांगत नाही, सांगितल्या तर तुम्ही पान उलटाल. एवढंच ध्यानात ठेवा की या तिन्ही अटी पाळणारा नकाशा कुणी अजून काढलेला नव्हता, आणि तो कसा दिसेल हे शोधून काढणं हे त्यांचं काम. हातानं काढून बघावा तर तेही शक्य नव्हतं, कारण पहिल्याच आठवड्यात तंद्रीनं दाखवून दिलं की असा नकाशा असलाच तर तो भिंतभर कागदावरही मावायचा नाही. मग वाटणी झाली. शंकासुरानं प्रोग्राम लिहायचा आणि कॉम्प्युटरकडून नकाशा शोधून घ्यायचा. तंद्रीनं तो न बघताच त्याच्याबद्दल काय काय सांगता येतं ते बघायचं. न बघता सांगणं तिला जन्मापासून येत होतं.

चालताना चिन्हं, अक्षरं तोंडात राहत नाहीत, म्हणून ती जे जे सिद्ध करायची त्याला नाव द्यायची. पहिलं नाव पडलं 'एकटा रस्ता'. कुठल्याही गावाच्या वेशीत उभं राहा, तिथून निघणारे रस्ते जोडीजोडीनं जुळतात, आणि दर गावात एक रस्ता असा उरतो की त्याला जोडीदारच नाही. हे तिनं शंकासुराला वाचनालयामागच्या वाटेवर सांगितलं. त्यानं तेरा वेळा 'कशावरून' विचारलं, आणि मग म्हणाला, "बरोबर आहे. छान आहे." त्याच्या तोंडून छान म्हणजे काय, हे त्याला ओळखणारालाच कळेल.

पुढे बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी ती रिकाम्या वर्गात बसली होती. पडदा फुगत होता, बसत होता, फुगत होता. ती कधी गेली तिलाही कळलं नाही. परत आली तेव्हा तिच्या हाती 'मधलं गाव' होतं. नकाशातल्या गावांचीही जोड्या लावून वाटणी होत होती, याच्यासमोर ते, त्याच्यासमोर हे, आणि सगळ्यांच्या मध्ये एक गाव असं उरत होतं की त्याच्यासमोर कुणीच नाही. तिला रडूच आलं. असं काही आपल्याला सापडतं? आपल्याला? ती धावत बाईंकडे गेली, बाईंनी बूट चढवले, दोघी आवाराला एक फेरी मारून आल्या. फेरी संपताना बाई म्हणाल्या, "देखणं आहे हे, पोरी."

त्यानंतर तिचे दिवस कसे गेले हे तिला कुणी विचारू नये. ती जेवायची, झोपायची, दात घासायची, पण राहायची ती त्या नकाशात. कुठल्याही गावातून एकट्या रस्त्यानं निघालं, पुढच्या गावातून पुन्हा तिथल्या एकट्या रस्त्यानं, असं चालत राहिलं की माणूस मधल्या गावीच पोचतो, हेही तिनं सिद्ध केलं, आणि मग तर ती तिथे रोजच जायला लागली. दुपारचं पांढरं ऊन, बैठी घरं, कडी न लावलेली दारं, कुणाची चाहूल नाही. ती वेशीशी उभी राहायची आणि आत शिरायचा धीर व्हायचा नाही. इतकं ते शांत असायचं.

फोनवर तिनं आईला सांगितलं. मागे मशीन घरघरत होतं, आई ओरडून बोलत होती.

"आई, मला एक गाव सापडलंय."

"कुठे?"

"नकाशात. म्हणजे, गणितातल्या. सगळे एकटे रस्ते तिथे जातात."

"राहतं कोण तिथे?"

"कुणी नाही गं. गणितातलं गाव."

"हात् वेडे! माणसं नाहीत ते गाव कसलं? असतील. आणि माणसं आहेत म्हणजे कपडे मळणार. एखादी लाँड्री असेलच बघ, चौकात." दुसऱ्या दिवसापासून आई फोन उचलला की आधी हेच विचारायला लागली, "काय म्हणतंय तुझं मधलं गाव?" मशीन बंद करून ऐकायची म्हणे. मामानं ही चहाडी नंतर केली. इस्त्री थंड होते आणि ताई फोन कानाला लावून भिंतीकडे बघत बसते, असं तो म्हणाला.

इकडे शंकासुर मात्र दिवसेंदिवस सुकत चालला होता. त्याच्या प्रोग्रामला एकही नकाशा सापडेना. तो प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासायचा, ओळ न् ओळ, डोळे लाल करून. एवढे सुंदर नियम ज्या नकाशाला लागू होतात तो नकाशा असणारच, म्हणजे चूक आपल्या प्रोग्रामात आहे, हे त्यानं पक्कं धरलं होतं. सगळ्या जगावर शंका घेणारा हा प्राणी, पण इथे त्यानं शंका घेतली ती स्वतःवर. बाईही म्हणाल्या, "बघ पुन्हा, कुठेतरी काहीतरी राहिलं असेल." आणि तो बिचारा पुन्हा बघायला बसायचा.

शेवटी एकच मोठा प्रश्न उरला. सगळे एकटे रस्ते मधल्या गावी येतात, ठीक. पण मधल्या गावाचा स्वतःचा एकटा रस्ता कुठे जातो? तंद्रीनं याचाच ध्यास घेतला. समारोपाच्या भाषणात हेच सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आई समोर बसलेली असेल, आणि ती सांगेल, तो रस्ता अमुक ठिकाणी जातो. मग बाई हो म्हणतील. मग सगळं मार्गी लागेल.

आणि तिला उत्तर मिळालं! तो रस्ता नकाशाच्या कडेच्या गावाला जातो. पक्की सिद्धता, कुठे फट नाही. ती सांगायला धावली तर शंकासुर तिच्याकडेच धावत येत होता. प्रोग्राम बाजूला ठेवून त्यानंही तोच प्रश्न हाती घेतला होता, आणि त्यालाही उत्तर मिळालं होतं. तो रस्ता कडेच्या गावाला जाऊच शकत नाही.

मग जे भांडण झालं ते विचारू नका. बाई नेमक्या त्या दिवसांत परगावी गेलेल्या, त्यामुळे कान धरायला कुणी नाही. ती म्हणे तुझं चुकलं, तो म्हणे कशावरून, ती म्हणे माझं बरोबर आहे त्याच्यावरून. जेवायला दोघं दोन टोकांच्या टेबलांवर. मामाला फोनवर हे कळलं तेव्हा त्याला हसू आवरेना. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अगं, जे गाव कुणी बघितलं नाही त्याच्या रस्त्यावरून भांडताय?" तिनं रागानं फोन ठेवला. राग येणारच, खरं बोललं की येतो.

अशा भांडणासाठीही बाईंचा नियम होताच. ज्याचं पटत नाही त्याचीच सिद्धता आपण चालता चालता सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची. समारोप दोन दिवसांवर आला तेव्हा नाइलाजानं दोघं सकाळी बाहेर पडले. आधी तंद्रीनं त्याची सिद्धता सांगितली. अडेल तिथे पकडायचं असं ठरवून सांगितली, आणि ती कुठेच अडली नाही. मग त्यानं तिची सांगितली, एकेका पायरीवर दात रोवत. तोही कुठे अडला नाही. दोघांची पावलं हळूहळू होत गेली आणि बंद पडलेल्या कारंज्याच्या कट्ट्यापाशी थांबली.

"दोन्ही बरोबर आहेत," तो म्हणाला.

"दोन्ही बरोबर कशी असतील?"

ती कट्ट्यावर बसली आणि गेली. शंकासुराला आता तिची सवय झाली होती, तो नुसता उभा राहिला. माळी पाणी घालून पुढच्या वाफ्याकडे गेला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एका गावाच्या वेशीत रस्त्यांची टोकं किती?" तिनं विचारलं. "जोड्या, आणि वर एक. म्हणजे विषम."

"हो."

"गावं किती? जोड्या, आणि मधलं एक. म्हणजे तीही विषम."

"हो."

"विषम गावं, आणि प्रत्येकाच्या दारात विषम टोकं. सगळी मिळून?"

"विषम," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं.

"आणि एका रस्त्याला टोकं किती असतात रे?"

दोन. एक इकडचं, एक तिकडचं. म्हणजे सगळ्या टोकांची बेरीज सम यायलाच हवी. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असते. आयुष्यात पहिल्यांदा शंकासुरानं कशावरून विचारलं नाही. एकटा रस्ता आणि मधलं गाव, दोन्ही खरी होती, दोन्हींवर त्यांचा जीव होता, दोन्हींची नावं त्यांनी इतकी लाडानं ठेवली होती की त्या दोन्हींना कधी एका ओळीत उभं करून मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. दोन्ही खरी असतील असा नकाशाच नव्हता. एकही नाही, लहान नाही, मोठा नाही. आडातच नव्हतं, तर त्याच्या पोहऱ्यात कुठून येणार?

"म्हणजे," शंकासुर हळूच म्हणाला, "माझा प्रोग्राम बरोबर होता?"

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तंद्रीला त्याला कारंज्यात ढकलावंसं वाटलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो आनंद त्यानं घाईघाईनं आवरला. "सॉरी," तो म्हणाला. "डोंगर पोखरला आणि उंदीरही निघाला नाही."

ती खोलीवर जाऊन पडली. खिडकीतून झाडाची सावली आत येऊन भिंतीवर हलत होती. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि ते असं निघालं होतं. नुसतंच जाणं असतं. गणित-बिणित काही नाही, इस्त्री धरून नसलेल्या गावाला जाणारी मुलगी, दुकानात होती तशीच. आणि मग, खोटं कशाला सांगू, तिच्या मनात दुसरं काहीतरी आलं. तिनं सिद्ध केलेलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. असा नकाशा असेल तर त्यात एकटा रस्ता असतो, हे खरंच होतं. असेल तर मधलं गाव असतं, हेही खरं. तो 'असेल तर' हळू म्हटला की झालं. कुणाच्या लक्षात येणार? एक महिना कुणाच्या आलं होतं? आई समोर बसेल, सुंदर सुंदर नावं ऐकेल, बाई हो म्हणतील. दुपार उतरेपर्यंत ती ते भाषण मनात घोळवत राहिली. फार देखणं भाषण होतं.

पण संध्याकाळी बाई परतल्याचं कळलं तशी ती उठली, तोंड धुतलं, शंकासुराला हाक मारली आणि दोघं त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाई बूट काढत होत्या.

"पुन्हा घाला, बाई," ती म्हणाली. "चालायचंय."

फेरी पुरी झालीच नाही. टोकांच्या बेरजेपर्यंत आल्यावर बाई वाटेतच दिव्याच्या खांबाला टेकल्या. मग हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. "मी काय झोपले होते का गं? तपासायचं काम माझं. मीच तुमच्याबरोबर त्या गावात राहायला गेले!" मग त्यांनी डोळे पुसले. "भाषण तुझं आहे. काय सांगायचं ते तू ठरव. मी मधे पडणार नाही."

"आणि मी मागे उभा राहीन," शंकासुर म्हणाला. "काहीही सांग. खोटं सांगितलंस तर मात्र मला खोकला येईल."

समारोपाला आई आणि मामा आले. मामाच्या शर्टाची इस्त्री अशी की बाहीच्या धारेनं कागद कापावा. आई मागच्या रांगेत ताठ बसली होती, कुणाच्या लग्नात बसावं तशी, पिशवी मांडीवर.

तंद्री पुढे गेली. हातात कागद नाही. ती व्यासपीठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागली आणि सांगायला लागली. एकटा रस्ता सांगितला. तो कसा दर गावात उरतो, कसा कुणाशीच जुळत नाही. मधलं गाव सांगितलं. सगळे एकटे रस्ते कसे एकेक करून तिथे पोचतात. पांढरं ऊन, बैठी घरं, उघडी दारं यातलं ती एक शब्दही बोलली नाही, पण ऐकणारांना ते दिसलं असावं, कारण खोलीत कुणी हलत नव्हतं. मग ती मधोमध थांबली.

"आता आपण टोकं मोजू या," ती म्हणाली.

तिनं मोजली. सावकाश, घाई न करता, सगळ्यांना कळेल अशी. विषम आणि सम समोरासमोर आले तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी 'अरेच्चा!' म्हणालं. मागचा कुणी हसलाही.

"असा नकाशा नाही," तंद्री म्हणाली. "आम्ही उन्हाळाभर ज्याबद्दल बोलत होतो ते कुठेच नाही. ते नाही, एवढंच आम्हाला सापडलं. आणि माझ्या जोडीदाराचा प्रोग्राम हे पहिल्यापासून सांगत होता, आम्ही ऐकलं नाही." "मला ते गाव फार आवडायचं. बस्स."

टाळ्या वाजल्या. एक म्हातारे प्राध्यापक उठून आले आणि त्यांनी शंकासुराला विचारलं की हे टोकं मोजण्याचं कुणाला सुचलं. त्यानं बोट दाखवलं.

बाहेर चहाच्या टेबलाशी आईनं बाईंना गाठलं. तंद्री दोन पावलांवर कप धरून उभी होती.

"बाई, मी दुकानदार माणूस, सरळ विचारते," आई म्हणाली. "हिला जमतं का हे?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला काय वाटलं ते आधी सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं!" आई म्हणाली. पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला, सोडला. "पण उन्हाळाभर फोनवर ऐकत होते ना मी. माझ्या डोळ्यांपुढे होतं हो ते गाव. आणि आता ती म्हणाली नाही, तेव्हा पोटात तुटलं माझ्या. आपलं कुणी गेल्यासारखं. नसलेल्या गावासाठी असं होतं का कधी?"

"होतं," बाई म्हणाल्या. "आम्हा लोकांना होतं."

"मग हिचं काय सांगता?"

बाईंनी तोंड उघडलं, पण तंद्री मधे बोलली.

"आई, मला विचार ना."

आई वळली.

"मी जाते ते गणित असतं का नुसतंच जाणं, ते तू विचारलं होतंस. नुसतंच जाणंही असतं गं. पण आता मला परत येता येतं, आणि आल्यावर मोजता येतं. मीच गेले आणि मीच मोजलं. कुणी सांगितलं नव्हतं." "जमतं मला, आई."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हाताच्या पाठीनं डोळे पुसून ती भावाकडे वळली.

"ऐकलंस ना रे?" ती म्हणाली. "सोमवारपासून दुकानाला दुसरी मुलगी बघायला हवी."